बिनबुडाची किटली आणि चौकटीची वही

दोस्तांनो, तुमच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "मला कॉम्प्युटरवर थ्री-डी चित्रं करायची आहेत. ग्रंथालयातून पुस्तक आणलं. पहिली वीस पानं झकास गेली आणि मग एकदम मोठ्ठ्या कंसात सोळा आकडे! पुस्तक परत करून टाकलं. आता काय करू?" कुणी लिहितं, घरी कॉम्प्युटर नाही. कुणी लिहितं, आहे, पण जुनापुराणा. आणि कुणी लिहितं, पुस्तक इंग्रजीत, मी मराठी शाळेत, म्हणजे हे काही आपलं काम नव्हे.

हे शेवटचं वाक्य मला मुळीच पटलेलं नाही. म्हणून आजचं सगळं पान त्याच्यासाठीच. ते सोळा आकडे येतीलच, पण त्यांना थोडं दाराबाहेर थांबू द्या.

चला, चौकटीची वही घ्या. गणिताची जुनी चालेल, आलेख कागद असला तर उत्तमच. पेन्सिल, पट्टी, खोडरबर. घरी कॉम्प्युटर असेल तर तो बंदच राहू द्या, आत्ता त्याचं काम नाही. पानाच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात एक ठळक ठिपका द्या. तुमचा डोळा सरळ समोर बघतोय तो या ठिपक्याकडे. इथून उजवीकडे किती चौकटी आणि खाली किती चौकटी, असं आपण मोजणार. (कॉम्प्युटरच्या पडद्यावरही बहुतेक वेळा असंच डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. सवय लागली तर बरंच!)

आता अशी कल्पना करा, की कागदाच्या पलीकडे एक लाकडी ठोकळा ठेवलाय. उजवीकडे आणि जरासा खाली. त्याची प्रत्येक कड ८ चौकटी लांब. ठोकळ्याला कोपरे किती? आठ. आणि प्रत्येक कोपऱ्याचा पत्ता सांगायला तीन आकडे लागतात: उजवीकडे किती, खाली किती आणि डोळ्यापासून लांब किती. पुस्तकात यांनाच एक्स, वाय आणि झेड म्हणतात. आपला ठोकळा उजवीकडे ६ पासून १४ पर्यंत, खाली ६ पासून १४ पर्यंत आणि लांब ८ पासून १६ पर्यंत पसरलेला आहे. वहीचं पान म्हणजे डोळ्यापासून ८ चौकटींवर धरलेली काच समजा. ठोकळ्याचं पुढचं तोंड त्या काचेला अगदी चिकटलेलं.

नियम एकच. 'उजवीकडे'चा आकडा घ्या, त्याला ८ ने गुणा आणि 'लांब'च्या आकड्याने भागा. 'खाली'च्या आकड्याचंही तसंच करा. झालं!

पुढचे चार कोपरे ८ चौकटींवर आहेत. ८ ने गुणायचं आणि ८ नेच भागायचं, म्हणजे ६ आणि १४ जसेच्या तसे राहिले. मागचे चार कोपरे १६ चौकटींवर आहेत. ६ गुणिले ८ भागिले १६, उत्तर ३. चौदाचे झाले ७. आता वहीत मोठा चौरस काढा, उजवीकडे ६ ते १४, खालीही ६ ते १४. मग लहान चौरस, ३ ते ७, खालीही ३ ते ७. मोठ्या चौरसाचा प्रत्येक कोपरा लहान चौरसाच्या त्याच कोपऱ्याशी पट्टीने जोडा.

वही हातभर लांब धरा पाहू. दिसला का ठोकळा? सपाट कागदावर काहीतरी आत गेलंय, हो ना?

आता त्या चार जोडरेषा पट्टी लावून डावीकडे वर वाढवत न्या. चारही रेषा आपल्या पहिल्या ठिपक्यात जाऊन मिळतील. तुम्ही काही त्यांना तिकडे वळवलं नव्हतंत, नुसता भागाकार केलात! चित्रकलेच्या तासाला बाईंनी रेल्वेचे रूळ काढायला लावले असतील, लांब जाऊन एका बिंदूत मिळणारे. त्याला यथार्थदर्शन म्हणतात. तिथे तो बिंदू आधी ठरवून घेतात. इथे तो आकड्यांतून आपोआप बाहेर आला.

तुम्ही जी जी थ्री-डी चित्रं पाहिली असतील, मोबाइलवरच्या गेममधली धावती गाडी असो नाहीतर सिनेमातला डायनोसॉर, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक चित्राच्या पोटात हाच भागाकार बसलेला असतो. लांबच्या गोष्टीला मोठ्या आकड्याने भागायचं, म्हणजे ती लहान होते. बस्स.

पण भागायचंच का? वजा का नाही करायचं? चांगला प्रश्न. घरातल्या खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, एक डोळा मिटा, डोकं हलवू नका आणि समोरच्या इमारतीची कड काचेवर स्केचपेनने गिरवा. (आईला विचारून हं! आणि नंतर पुसायचं कुणी तेही आधी ठरवून घ्या.) डोळा, काचेवरची रेघ आणि खरी इमारत यांचे दोन त्रिकोण होतात, एक छोटा, एक मोठा, आकार मात्र एकच. दहावीच्या भूमितीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण 'समरूपता' आहे ना, तेच हे. समरूप त्रिकोणांत बाजू प्रमाणात असतात, आणि प्रमाण म्हटलं की भागाकार आलाच.

ही युक्ती काही कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेली नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली मोजमापावर एक पुस्तक छापलं. त्यात एक चित्र आहे. टेबलावर एक तंतुवाद्य ठेवलंय. भिंतीतल्या खिळ्यातून एक दोरा निघतो, मधल्या लाकडी चौकटीतून जातो आणि वाद्याला टेकतो. एक माणूस दोऱ्याचं टोक वाद्यावर एकेका जागी टेकवतोय. दुसरा, दोरा चौकटीतून नेमका कुठून गेला ते टिपून घेतोय. खिळा म्हणजे डोळा, चौकट म्हणजे पडदा आणि दोरा म्हणजे प्रकाशाचा किरण. पाचशे वर्षांपूर्वीचा ग्राफिक्सचा कारखानाच की! फक्त दोन माणसं लागायची आणि एका चित्राला बहुधा दिवस जायचा.

आता आपल्या ठोकळ्याकडे परत या. त्यात एक घोटाळा आहे. ठोकळा काचेचा असल्यासारखा त्याच्या सगळ्या कडा दिसताहेत. लाकडी ठोकळ्याची मागची बाजू दिसेल कशी? उजवीकडे ७, खाली ७ हा कोपरा बघा. तो मोठ्या चौरसाच्या आत, म्हणजे पुढच्या तोंडाच्या मागे लपलाय. त्याला येऊन मिळणाऱ्या तिन्ही रेषा खोडा. आता उरली तीन तोंडं: पुढचं, वरचं आणि डावीकडचं. ठोकळा घट्ट झाला!

तुम्ही हे डोळ्यांनी ठरवलंत. कॉम्प्युटरला डोळे कुठे? त्याच्यासाठी काढलेला एक उपाय इतका साधा आहे की हसू येतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी वहीत एक आकडा लिहून ठेवायचा: इथे आत्तापर्यंत जे काढलं ते डोळ्यापासून किती लांब होतं. नवीन काहीतरी त्याच ठिपक्यावर काढायला आलं की विचारायचं, "बाबा रे, तू जवळचा की लांबचा?" जवळचा असेल तर आत ये, लांबचा असेल तर परत जा. हा उपाय एड कॅटमल यांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९७४ साली आपल्या प्रबंधात मांडला. पुढे हेच कॅटमल पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, त्या कंपनीचा 'टॉय स्टोरी' १९९५ साली आला, आणि २०१९ सालचा ट्युरिंग पुरस्कार कॅटमल आणि पॅट हॅनराहान यांना मिळून मिळाला. पुस्तकात या उपायाचं नाव 'झेड-बफर' असं येतं. नाव वाचून घाबरायला होतं, पण आहे ती वही!

रात्री दिवे घालवून अजून एक प्रयोग करा. बॅटरी भिंतीवर सरळ धरा. गोल, लखलखीत ठिपका पडेल. आता बॅटरी हळूहळू तिरकी करा. ठिपका लांबुळका होत जातो आणि फिकाही. प्रकाश तेवढाच, पण तो जास्त जागेवर पसरला. पातळ लावलेल्या लोण्यासारखं! सरळ रेषेपासून ६० अंश तिरकी केलीत, की तोच प्रकाश साधारण दुप्पट जागेवर पसरतो, म्हणजे उजेड निम्मा. दहावीतल्यांना आठवेल, ६० अंशांच्या कोनाचा कोसाईन निम्मा असतो. हा नियम लाम्बेर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १७६० साली लिहून ठेवला आणि आजही पुस्तकांत तो त्याच्याच नावाने येतो. त्रिकोणमिती कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या मोठ्या भावाला हा प्रयोग जरूर दाखवा.

आता पेन्सिल आडवी धरून ठोकळ्याची तोंडं रंगवा. उजेड वरून येतोय असं समजा. वरचं तोंड पांढरंच ठेवा, पुढच्यावर हलकी छटा, डावीकडच्यावर गडद. मघाशी तो ठोकळ्याचा आराखडा होता. आता उचलावासा वाटतो.

ठोकळ्याला सपाट तोंडं असतात म्हणून जमलं. पण पाण्याचा तांब्या? तो तर सगळीकडून गोल. त्याचे बारीक बारीक सपाट तुकडे पाडले तर तो पैलू पाडलेल्या खड्यासारखा दिसतो. आंरी गुरो या फ्रेंच माणसाने १९७१ साली तोड काढली. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर उजेड किती ते मोजायचं आणि मधल्या जागेत तो हळूहळू मिसळत न्यायचा. तुकडे दिसेनासे झाले. तरी तांब्यावर खिडकीचा जो चकचकीत ठिपका पडतो, तो काही नीट येईना. ते काम बुई तुआंग फाँग यांनी केलं. ते मूळचे व्हिएतनामचे, १९४२ साली हनोईत जन्मलेले. युटाला शिकायला आले, १९७३ साली प्रबंध पुरा केला, १९७५ साली त्यावरचा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते वारले. ग्राफिक्सच्या कुठल्याही पुस्तकाच्या सूचीत 'फाँग' हा शब्द शोधा, सापडेलच. वाचताना तो चिनी मातीच्या भांड्यासारखा काहीतरी पदार्थ असावा असं वाटतं. ते एका तरुणाचं नाव आहे.

आणि आता किटली. हिच्यासाठीच तर आजचा मथळा!

त्याच युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाचे संशोधक होते. १९७५ च्या सुमाराला त्यांना आपल्या प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायला एखादी बरीशी वस्तू हवी होती. ठोकळा फार सोपा, चेंडूही सोपाच. त्यांच्या पत्नी सँड्रा म्हणाल्या, आपल्या चहाच्या भांड्यांचंच का नाही करत? समोर पांढरी चिनी मातीची किटली होती. न्यूवेलसाहेबांनी काय केलं असेल? आलेख कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि किटलीची बाजू कागदावर काढली! मग कुठे वळण बदलतं त्या जागांचे आकडे मोजले आणि कॉम्प्युटरला दिले. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थ्री-डी वस्तूचा जन्म तुमच्या हातात आत्ता आहे तसल्याच कागदावर झाला.

प्रसिद्ध का झाली? कारण ती खोडकर आहे. कानाला भोक आहे, त्यातून पलीकडचं दिसतं. तोटीची सावली तिच्या स्वतःच्याच पोटावर पडते. कुठे फुगीर, कुठे खोलगट. प्रोग्रॅममध्ये चूक असली की किटलीवर लगेच उघडी पडते. न्यूवेल यांनी ते आकडे इतरांनाही दिले, आणि मग जो तो नवीन युक्ती काढली की आधी किटलीवर करून पाहू लागला. 'टॉय स्टोरी'तल्या चहापार्टीतही ती आहे, बघा ओळखता येते का. खरीखुरी किटली आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटरच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ती पडद्यावरच्या किटलीपेक्षा जराशी उंच आहे. आणि सर्वांत मजेची गोष्ट: न्यूवेल यांच्या मूळ आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं! वरून बघताना दिसत नाही, मग कशाला काढा? बूड इतरांनी मागाहून बसवलं.

पण किटलीचा कान आकड्यांत कसा मांडायचा? वळणावर तर अगणित बिंदू असतात. इथे मोटारींच्या कारखान्यातली युक्ती उपयोगी पडली. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए या दोघांनी आपापल्या जागी ती शोधली. गाडीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत सांगायला त्यांना ती हवी होती. आपण करूनच बघू. वहीचं नवीन पान घ्या. एक चौरस काढा, बाजू ८ चौकटी. त्याचे चार कोपरे क्रमाने: खालचा डावा, वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा. डाव्या, वरच्या आणि उजव्या बाजूचे मध्यबिंदू काढा. तीन मिळाले. पहिला-दुसरा आणि दुसरा-तिसरा रेघेने जोडा आणि या दोन रेघांचे मध्यबिंदू काढा. ते दोन बिंदू जोडून पुन्हा मध्यबिंदू. उरला एकच बिंदू: डावीकडून ४, तळापासून ६ चौकटी उंच. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून, या बिंदूवरून कमान घेत, खालच्या उजव्या कोपऱ्यात उतरणारी रेघ म्हणजे बेझिएचं वळण. ते वरच्या दोन कोपऱ्यांना शिवत नाही, पण ते कोपरे त्याला लोहचुंबकासारखे वर ओढतात. निम्म्याऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतरावर बिंदू घेतलात तर कमानीवरचा आणखी एक बिंदू मिळेल. चार बिंदूंचे आकडे दिले की सगळी कमान आली! किटली अशा वळणांच्या ठिगळांची शिवलेली गोधडी आहे.

बरं, दाराबाहेर थांबलेले ते सोळा आकडे आता आत घ्यायला हवेत. त्याआधी अंगणात जा. पाच पावलं पुढे चाला आणि मग उजवीकडे वळा. कुठे आलात ते बघा. परत मूळ जागी या. आता आधी उजवीकडे वळा आणि मग पाच पावलं चाला. दुसरीकडेच पोचलात ना? वळणं आणि सरकणं यांचा क्रम बदलला की जागा बदलते. थ्री-डी शिकणाऱ्याचे पहिले शंभर घोटाळे याच एका गोष्टीपायी होतात. ठोकळा जागच्या जागी फिरायला हवा असतो आणि तो गोफणीतल्या दगडासारखा गरगरत पडद्याबाहेर जातो!

ते सोळा आकडे म्हणजे 'कसं वळा, किती मोठे व्हा, कुठे सरका' याची लिहून ठेवलेली आज्ञा आहे. तिला इंग्रजीत मॅट्रिक्स म्हणतात. मोठा फायदा असा की दोन-तीन आज्ञा गुणून त्यांची एकच आज्ञा करता येते, क्रमासकट. समजा एखाद्या पुतळ्याला दहा हजार कोपरे आहेत. वळव, मोठा कर, सरकव अशी तीन कामं एकेक करून केली तर तीस हजार कामं झाली. तिन्ही आज्ञांची आधीच एक करून ठेवली तर दहा हजारांत भागलं. इतकंच! अकरावी-बारावीत त्यांचा गुणाकार रीतसर शिकवतात. तोवर तुम्ही त्यांना 'आज्ञा' म्हणून ओळखलंत आणि ते पान न घाबरता उलटलंत, तरी पुढची पन्नास पानं समजतील.

आता पुस्तकांबद्दल स्पष्टच सांगतो. ती दोन जातींची असतात. एका जातीचं पुस्तक सांगतं, हे बटण दाबा, मग ते दाबा. ते वाईट नाही. पहिल्याच दिवशी काहीतरी हलतं-फिरतं दिसतं आणि हुरूप येतो. पण ते लवकर शिळं होतं. ब्लेंडर हा फुकट मिळणारा थ्री-डी प्रोग्रॅम बघा. २०१९ साली त्याच्या २.८ या आवृत्तीत पडद्याची मांडणीच बदलली आणि आधीच्या पुस्तकांतली चित्रं पडद्याशी जुळेनाशी झाली. दुसऱ्या जातीचं पुस्तक सांगतं, हे असं का होतं. फोली आणि व्हॅन डॅम यांचं प्रसिद्ध पुस्तक पहिल्यांदा १९८२ साली आलं, त्यातला आपला भागाकार आजही खराच आहे. मात्र सुरुवातीला ते घेऊ नका. १९९० ची आवृत्ती अकराशेच्या वर पानांची आहे, उशाला घ्यायला छान! पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंजिनिअरिंगच्या पुस्तकांमध्ये हर्न आणि बेकर यांचं पुस्तक दिसलं तर चाळून बघा. नव्यांपैकी गॅब्रिएल गॅम्बेटा यांचं 'कॉम्प्युटर ग्राफिक्स फ्रॉम स्क्रॅच' (२०२१) मला नवशिक्यांसाठी सर्वांत आवडतं, कारण ते कोऱ्या पडद्यापासून सुरू होतं आणि शाळेतल्या गणितावर बरंच लांब नेतं. पीटर शर्ली यांचं 'रे ट्रेसिंग इन वन वीकेंड' (२०१६) हेही सुंदर आहे, फक्त नावावर जाऊ नका. शनिवार-रविवारात काही होत नाही, नववीतल्या मुलाला दोन महिने लागले तरी हरकत नाही. ही दोन्ही लेखकांनी फुकट वाचायला ठेवली आहेत.

ही पुस्तकं गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायची नसतात. एक पान, मग वही. पुस्तकात एखादा आकडा दिला असेल तर तो बदला, काय होईल ते आधी लिहा आणि मग करून पाहा. शाळेच्या कॉम्प्युटरवर पायथॉन असेल तर त्यात बहुधा 'टर्टल' नावाचं रेघा काढणारं कासव असतंच. आपल्या ठोकळ्याच्या बारा रेघा त्याच्याकडून काढून घ्यायला कितीही जुनं यंत्र पुरतं. पुस्तकातला प्रोग्रॅम स्वतः टाइप करा, आयता उचलून चिकटवू नका. बोटं चुकतात तेव्हाच डोकं जागं होतं.

आणि इंग्रजीचं म्हणाल, तर पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे तीन शब्द आहेत व्हर्टेक्स, एज आणि फेस. म्हणजे शिरोबिंदू, कड आणि पृष्ठ. हे तुम्हाला प्राथमिक शाळेतच भेटलेत! ठोकळ्याला शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठं ६. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडा, एकात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात तुमचा शब्द. झेड-बफरसमोर 'लांबची वही' लिहिलंत तरी चालेल. मराठी शाळेतल्या मुलाला इथे एक फायदाच आहे. 'समरूप' म्हटलं की अर्थ शब्दातच दिसतो, सारखं रूप.

आता या आठवड्याचं कोडं. आपल्या ठोकळ्याचा एक कोपरा उजवीकडे ६, खाली ६, आणि लांब ८. हा ठोकळा तुमच्याकडे सरकत सरकत यायला लागला. 'लांब'चा आकडा ४ झाला, २ झाला, १ झाला. प्रत्येक वेळी ८ ने गुणून आणि त्या आकड्याने भागून तो कोपरा कागदावर कुठे पडतो ते मांडा. (कागद पुरणार नाही, दुसरं पान चिकटवा!) मग आकडा शून्य झाला तर काय? आणि ठोकळा तुम्हाला ओलांडून पाठीमागे गेला, आकडा उणे ८ झाला, तर तो कोपरा कागदावर कुठे उमटेल? काढूनच बघा. पाठीमागचा ठोकळा डोळ्यांना दिसत नाही, पण नुसता भागाकार करणाऱ्या कॉम्प्युटरला तो दिसेल, आणि तोही भलत्याच रूपात. असं होऊ नये म्हणून भागायच्या आधी काय करायला हवं, तुमची युक्ती लिहून पाठवा. चित्रासकट हं!